चांदीपुरा विषाणू : नागपूर विभागातील मेंदूज्वर आणि रेणवीय साथरोगशास्त्र

प्रस्तावना :
विषाणूंना गावांची नावे देण्याची प्रथा जुनी आहे; त्या गावांना मात्र ती क्वचितच मानवते. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ सुरू असताना दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तनमुन्यांतून पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरमधील भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा केला. नागपूरच्या चांदीपुरा या भागावरून त्याचे नामकरण झाले व १९६७ साली तो शास्त्रीय जगतापुढे आला. दोन्ही रुग्णांना केवळ ताप होता, त्यामुळे पुढील अनेक वर्षे हा विषाणू निरुपद्रवी समजला गेला.

विषाणूचे स्वरूप :
रॅब्डोव्हिरिडी कुलातील हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असून त्याचा जनुकसंच एकपदरी आर.एन.ए.चा, सुमारे अकरा हजार न्यूक्लिओटाइडांचा आहे. त्यावर पाच प्रथिनांची माहिती असते. वालुमाशी ही त्याची प्रमुख वाहक होय.

२००३ ची साथ व जनुकीय क्रमाची साक्ष :
जून ते ऑगस्ट २००३ या काळात आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना तीव्र मेंदूज्वर झाला व त्यांपैकी १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी त्याची झळ पोहोचली. आंध्रातील सहा रुग्णांपासून विषाणू वेगळा करण्यात आला, तर नऊ रुग्णांच्या नमुन्यांत त्याचे आर.एन.ए. आढळले. यांतील पाच नमुन्यांचा जनुकीय क्रम १९६५ च्या मूळ विषाणूशी ९६.७ ते ९७.५ टक्के जुळला. अडतीस वर्षांत शंभर न्यूक्लिओटाइडांमागे जेमतेम तीनच्या आसपास फरक! आर.एन.ए. विषाणूंची बदलण्याची ख्याती पाहता हे स्थैर्य लक्षणीय आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. पाच नमुने ही संख्या अल्प आहे आणि मोजक्या बदलांनीही विषाणूची घातकता वाढू शकते. तथापि, बाहेरून एखादा सर्वस्वी नवा विषाणू आला, ही कल्पना यामुळे बाद ठरते. विषाणू येथेच होता. १९८० साली जबलपूर येथील तीव्र मेंदूविकाराच्या एका रुग्णाच्या रक्तातही तो सापडला होता. म्हणजे २००३ पूर्वीही त्याने बालकांचे बळी घेतले असावेत व ते अन्य निदानांखाली नोंदले गेले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

नागपूर विभाग, २००७ :
जून ते सप्टेंबर २००७ मध्ये नागपूर विभागात तीव्र मेंदूज्वराच्या ७८ बालरुग्णांची नोंद झाली. मृत्यूचे प्रमाण ४३.६ टक्के होते. निम्म्या, म्हणजे ३९ रुग्णांत चांदीपुरा विषाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. यातील एक तपशील रुग्णालयांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. विषाणूचे आर.एन.ए. २२ रुग्णांच्या केवळ रक्तजलात आढळले. मस्तिष्कमेरुद्रव व रक्तजल या दोहोंत ते फक्त दोघांत मिळाले. मेंदूज्वर म्हटला की मणक्यातून पाणी काढून तपासण्याकडे स्वाभाविकच ओढा असतो. या आजारात मात्र त्यावरच विसंबल्यास निदान निसटते. शिवाय अनेक बालके पहिल्या तापानंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतच दगावतात. एवढ्या अवधीत शरीरात मोजता येण्याजोगे प्रतिपिंड तयारच होत नाहीत. साहजिकच प्रतिपिंड-चाचणी नकारात्मक येते आणि मृत्यूचे कारण 'अज्ञात' राहते. दाखल होताच घेतलेले रक्त, ते शीतसाखळीत ठेवण्याची दक्षता आणि आर.टी.-पी.सी.आर. चाचणी यांवरच येथे निदानाची मदार आहे. आर.एन.ए. नाशवंत असल्याने तालुक्याच्या ठिकाणी बर्फाअभावी खराब झालेला नमुना उत्तमातील उत्तम प्रयोगशाळेलाही उपयोगाचा नाही.

सर्जेंटोमिया या प्रजातीच्या वालुमाश्यांतूनही विषाणू वेगळा करण्यात आला आहे. रुग्ण व वाहक या दोहोंतील विषाणूंचे क्रम पडताळून पाहिले, तरच संसर्गाची साखळी सिद्ध होते. केवळ रुग्णांच्या नोंदींवरून ती अनुमानापलीकडे जात नाही. वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलाव्यात वाढते. पूर्व विदर्भातील खेड्यांत या दोन्हींची वाण नाही.

२०२४ ची स्थिती :
जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. बहुतांश रुग्ण गुजरातमधील होते. विशिष्ट औषध वा मान्यताप्राप्त लस उपलब्ध नसल्याने झटके व मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे, एवढाच उपचार वैद्यकांच्या हाती होता.