प्लॅटी व स्वोर्डटेल यांचा संकर : घरगुती टाकीतील एक अनुवंशशास्त्रीय प्रयोग

पिल्ले घालणाऱ्या माशांच्या दोन भिन्न जातींचा संकर घडवून आणण्यास मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील नद्यांतून आलेले प्लॅटी (झिफोफोरस मॅक्युलेटस) व स्वोर्डटेल (झिफोफोरस हेलेरी) हे मासे घरातील काचेच्या टाकीत सहज संकर पावतात. इतकेच नव्हे, तर त्यांची संकरज संतती जननक्षमही असते. दोन जातींचा संकर वांझच निपजतो, हा खेचराच्या उदाहरणावरून रूढ झालेला समज येथे टिकत नाही.

निसर्गातील स्थिती मात्र निराळी आहे. मेक्सिकोतील काही नद्यांत या दोन जाती शेजारी शेजारी राहतात. तरीही मायरन गॉर्डन यांनी तेथून जमविलेल्या हजारो नमुन्यांत या दोहोंचा संकर आढळला नाही. दोन्ही जातींच्या नरांची प्रणयाराधनाची रीत भिन्न असते, आणि स्वजातीय नर उपलब्ध असता मादी बहुधा त्याचाच स्वीकार करते. टाकीत हा पर्यायच काढून घेतला जातो, म्हणून अडसर दूर होतो.

प्रयोगातील खरी अडचण वेगळीच आहे. या माशांत नराच्या गुदपक्षाचे रूपांतर समागमाच्या इंद्रियात झालेले असते व गर्भाधान मादीच्या शरीरात होते. मादी शुक्रजंतू अनेक महिने साठवून ठेवू शकते आणि एका समागमानंतर एकामागून एक वेते देत राहते. बाजारातून आणलेल्या प्रौढ मादीची पिल्ले कोणत्या नराची, हे म्हणूनच सांगता येत नाही. नरपिल्लांचा गुदपक्ष टोकदार होऊ लागण्यापूर्वीच मादीपिल्ले वेगळी काढणे हाच यावर उपाय. इतके करूनही जोडी जमत नसेल, तर कृत्रिम गर्भाधानाचा मार्ग उरतो. या माशांसाठी ती पद्धती युजिनी क्लार्क यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. ती घरी साधणे मात्र कठीणच.

या संकराला विज्ञानात जे स्थान मिळाले, ते एका रोगामुळे. काही प्लॅटींच्या अंगावर काळे ठिपके असतात. अशा प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केल्यास पहिल्या पिढीतील ठिपकेदार पिल्लांत काळा रंग अधिक पसरतो. त्यांचा पुन्हा शुद्ध स्वोर्डटेलशी संकर केला, तर काही पिल्लांत काळ्या रंगपेशींचा घातक कर्करोग उद्भवतो. गॉर्डन, तसेच जर्मनीतील कुर्ट कोसविग व गेओर्ग हॉय्सलर यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे हे दाखविले.

कारण असे : ठिपक्यांशी निगडित असलेला अर्बुदकारक जीन प्लॅटीच्या लिंगगुणसूत्रावर असतो, तर त्याला आवर घालणारा जीन दुसऱ्या गुणसूत्रावर. प्लॅटीत दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून तो निरोगी राहतो. स्वोर्डटेलमध्ये दोन्ही नसतात, म्हणून तोही. प्रतीपसंकरात मात्र ही जोडी फुटते. साधारणतः निम्म्या पिल्लांत अर्बुदकारक जीन येतच नाही. एक-चतुर्थांशांत तो आवर घालणाऱ्या जीनसह येतो व रंग वाढला तरी विकार सौम्य राहतो. उरलेल्या एक-चतुर्थांशांत तो एकटा येतो आणि घातक अर्बुद होते. १९८९ मध्ये हा अर्बुदकारक जीन वेगळा करण्यात आला, तेव्हा तो पेशींच्या वाढीची आज्ञा ग्रहण करणाऱ्या एका नेहमीच्या जीनचीच जादा प्रत असल्याचे आढळले. बाहेरून कोणतेही विष वा विषाणू न देता, केवळ दोन निरोगी जातींच्या मीलनातून कर्करोग उद्भवावा, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे.

हेच प्रमाण घरी पडताळू पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानातील लाल स्वोर्डटेलमध्ये बहुधा प्लॅटीचे रक्त आधीच मिसळलेले असते, कारण तो तांबडा रंगच पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा संकरांतून घडविला गेला. त्यामुळे ‘शुद्ध’ समजून घेतलेल्या जोडीपासून अपेक्षित प्रमाण न मिळणे स्वाभाविक होय. शिवाय एका वेतातील वीस-पंचवीस पिल्ले प्रमाण ठरविण्यास अपुरी असतात. एकाच जोडीच्या अनेक वेतांची मोजणी एकत्र करावी लागते. आणि ज्या पिल्लांची गाठ पृष्ठपक्ष वा शेपटी पोखरीत जाते, त्यांना मोजणी पुरी होईपर्यंत तिष्ठत ठेवण्याचे काहीच कारण नाही. गाठीची नोंद होताच त्यांचा वेदनारहित अंत करावा.