नागपूरच्या म्युझियमला 'अजब बंगला' का म्हणतात? उत्तर थेट ऑक्सफर्डपर्यंत जातं!

गोंदिया-भंडाऱ्याकडे 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हटलं तर समोरचा जरा गोंधळतो. 'अजब बंगला' म्हटलं की लगेच कळतं. १८६३ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या या संग्रहालयाचं हे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. जगातली बरीच जुनी संग्रहालयं अशाच 'अजब' वस्तूंपासून सुरू झाली.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले राजे, वैद्य आणि व्यापारी शंख, शिंगं, नाणी, पेंढा भरलेले पक्षी अशा नवलाच्या वस्तू घरात जमवत. इंग्लंडच्या ट्रेडस्कँट या माळी बाप-लेकांनीही असा संग्रह केला आणि १६५६ मध्ये त्याची यादी छापली. पुढे तो एलियास ॲशमोल यांच्याकडे आला. त्यांनी तो ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला आणि १६८३ मध्ये ॲशमोलियन संग्रहालय उघडलं. त्याच इमारतीत व्याख्यानाची खोली होती, रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही होती. नवलाची वस्तू आता अभ्यासाची झाली.

म्हणजे नेमकं काय? या संग्रहात एक डोडो होता. तो कुजत गेला आणि शेवटी फक्त डोकं आणि पाय उरले. पण तेवढेही जपल्यामुळे २००२ मध्ये त्यातून डीएनए मिळाला. डोडोचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक निघाला आपल्याकडचा निकोबारी कबूतर!

आता आपल्या भागाकडे येऊ. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया इथे १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. काही वस्तू नागपुरात राहिल्या, काही ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. ठेवा विखुरला, पण जागा आणि मोजदाद नोंदलेली असल्यामुळे आजही त्यावर अभ्यास होतो.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिळून पवनीला उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता. अशा उत्खननात खापराचा तुकडा कोणत्या थरात मिळाला हेही लिहून ठेवतात, कारण काळ ठरतो तो त्यावरूनच.

म्हणून शेत नांगरताना जुनी नाणी किंवा मूर्ती सापडली, तर ती धुऊन-घासून सोनाराकडे नेऊ नका. जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयात कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कुठे सापडलं हेच माहीत नसेल, तर ती वस्तू नुसती 'अजब' उरते.