देणं कोणाचं, हक्क कोणाचा? : चिनी लग्नातली देवघेव

'चीनमध्ये हुंडा असतो का?' असं विचारलं तर 'हो' म्हणणंही चूक आणि 'नाही' म्हणणंही चूक. कारण तिथे देणं दोन्हीकडून होतं. मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात ते 'त्साइली'. मुलगी माहेराहून घेऊन येते ते 'ज्याज्वांग'. आपला 'हुंडा' यातल्या कशालाच नेमका बसत नाही.

'यीली' या प्राचीन ग्रंथात लग्नाचे सहा विधी सांगितलेत. त्यातला चौथा म्हणजे वराकडून भेटी पाठवणं. तांग काळाच्या, म्हणजे 7व्या शतकातल्या कायद्यानुसार लेखी करार नसला तरी भेट स्वीकारली की मुलीकडच्यांना शब्द मोडता येत नसे. म्हणजे भेट ही नुसती भेट नव्हती, ते बंधन होतं.

पुढे सोंग काळात ज्याज्वांग फुगत गेलं. जमिनीसुद्धा दिल्या जाऊ लागल्या. लग्नाआधी रकमेची चौकशी करणाऱ्यांवर सुमा ग्वांग या विद्वानाने कडक टीका केली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घराच्या वाटण्या झाल्या तर बायकोने माहेराहून आणलेलं दिरांमध्ये वाटलं जात नसे. आपल्या स्त्रीधनाची आठवण यावी असंच हे. ते तिचं बळ होतं. 14व्या शतकाच्या सुरुवातीला, युआन राजवटीत, तेच काढून घेतलं गेलं : विधवेने पुनर्विवाह केला तर ज्याज्वांग सासरीच राहील असा नियम आला, आणि तो पुढेही टिकला.

आता आधुनिक काळ. 1950च्या विवाह कायद्याने लग्नाच्या निमित्ताने पैसा उकळण्याला बंदी घातली. तरी 1970च्या दशकात सायकल, शिलाई मशीन, घड्याळ आणि रेडिओ हव्यातच, अशी अपेक्षा असे. आता फ्लॅट आणि रोकड. त्साइली परत मिळावी म्हणून लोक कोर्टात जातात. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे वेगळे नियम 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू झालेत.

कांट म्हणतो, ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं. ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी नाही. म्हणून कोणी किती दिलं, हा प्रश्न दुय्यम. दिलेलं शेवटी कोणाच्या हातात राहतं, हे विचारा. तिच्या हातात राहिलं तर तो आधार. तिच्या डोक्यावरून दोन घरांमध्ये फिरलं, तर तो भाव.