रोटरी इंजिनाचा इंधन-कारभार

हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीच्या आर-एक्स-७ या मोटारीची तिसरी पिढी १९९१ साली रस्त्यावर आली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु ज्या मोजक्या यंत्रांवरील लोकांचा लोभ ती बाजारातून गेल्यावर अधिकच वाढला, त्यांत या मोटारीची गणना अवश्य करावी लागेल. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको अशा परस्परांपासून दूरच्या मुलखांत तिचे रोटरी इंजिन उघडणारे, नव्या सीलांनी ते पुन्हा बांधणारे आणि मूळच्या दीडपट-दुप्पट शक्ती त्यातून काढू पाहणारे कारागीर आजही आहेत. या खटाटोपात टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र, केवढा बसविला आणि अश्वशक्ती किती मिळाली यांचीच चर्चा अधिक होते. इंजिन टिकणार की फुटणार हे मात्र ज्यांच्या हाती असते, त्या दोन वस्तू सहसा नजरेआड राहतात: पेट्रोलची फवार सोडणारे इंजेक्टर, आणि ती केव्हा व किती सोडावी याचा हुकूम देणारा नियंत्रक संगणक, म्हणजेच ईसीयू. त्यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

या इंजिनाची मूळ कल्पना जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना फिरला आणि माझ्दाने १९६१ साली त्याचा परवाना घेतला. केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचे एक स्वतंत्र पथक १९६३ साली नेमले गेले. इंजिनात फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरच्या टोकांवरील सील आतल्या भिंतीवर ओरखडे उमटवीत, त्यांना त्या मंडळींनी ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असे नाव दिले होते. त्यांचा निकाल लागला तेव्हाच १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस येऊ शकली. पुढे १९९१ साली चार रोटरांच्या ७८७बी या मोटारीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि रोटरी इंजिन म्हणजे केवळ एक कौतुकाची चीज, हा समज कायमचा मोडून काढला.

आर-एक्स-७ च्या १३बी-आरईडब्ल्यू या इंजिनात प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर आकारमानाची दोन कोठारे असून प्रत्येकात एक त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होते तेव्हा मुख्य दांड्याच्या तीन होतात. म्हणजे दांड्याच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एकदा श्वास घेतो आणि एकदा स्फोट करतो. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, वर-खाली आपटणारे काहीच नाही, म्हणून हे यंत्र मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत निर्वेधपणे चढते. परंतु या सद्गुणाची किंमतही त्याला मोजावी लागते. येथील ज्वलनकक्ष लांबट, चपटा आणि सतत सरकणारा असतो. ज्वाला त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्याच्या आतच पिछाडीच्या कोपऱ्यात दबलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका असतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बोचा दाब चढलेला असताना पिस्टन-इंजिन नॉकिंगचा एखादा तडाखा पचवू शकते; येथे मात्र अवघ्या दोन मिलिमीटर जाडीची सील तडकते, तिचे तुकडे भिंतीला चरे पाडीत एक्झॉस्टच्या वाटेने निघतात आणि जाता जाता टर्बोच्या चाकाची पातीही मोडतात. दोन सेकंदांच्या हयगयीचे हे पर्यवसान आहे.

या आपत्तीवरचा पहिला उपाय म्हणजे मुबलक पेट्रोल. संपूर्ण ज्वलनास पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. पण दाबाखाली चालणाऱ्या रोटरीला ट्यूनर, म्हणजे इंजिनाची जुळणी करणारी, मंडळी हवेचे सुमारे ११ भागच देतात. वरचे पेट्रोल शक्ती वाढवीत नाही. ते स्वतः बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते आणि कक्ष थंड राखते. या यंत्रात पेट्रोल हे अन्न तर आहेच, शिवाय चिलखतही आहे.

कंपनीने केलेली तरतूद तिच्या हिशेबाने चोख होती. प्रत्येक रोटरला मिनिटाला ५५० घनसेंटिमीटर सोडणारा एक प्रायमरी आणि ८५० सोडणारा एक सेकंडरी, असे चार इंजेक्टर मिळून क्षमता २८०० घनसेंटिमीटर. सुरुवातीच्या २५५ अश्वशक्तीच्या इंजिनाला हे पुरून उरत असे. आता कोणी ४०० अश्वशक्तीचा बेत केला असे समजू. रोटरीला पेट्रोल फार लागते. टर्बो जोरात असताना दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ३०० ग्रॅम पेट्रोल धरणे शहाणपणाचे. म्हणजे तासाला १२० किलो, मिनिटाला दोन किलो, अर्थात मिनिटाला सुमारे २७०० घनसेंटिमीटर. हा आकडा २८०० च्या आत दिसतो खरा; पण इंजेक्टर अखंड उघडा ठेवता येत नाही, शंभरापैकी ८५ हिश्श्यांपर्यंतच त्याच्यावर विसंबावे असा दंडक आहे, आणि त्या मर्यादेत जुने चार इंजेक्टर २३८० च देऊ शकतात. ही तूट उघडकीस येते ती नेमकी सर्वाधिक दाबाच्या क्षणी.

याला काळाचीही एक अडचण जोडलेली आहे. ८००० फेऱ्यांवर दांड्याची एक फेरी साडेसात मिलिसेकंदांत पुरी होते. चार स्ट्रोकच्या पिस्टन-इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदाच पेट्रोल द्यावयाचे असल्याने तेथे पंधरा मिलिसेकंद हाताशी असतात. रोटरीला निम्म्यातच काम उरकावे लागते. त्यातही हुकूम मिळाल्यापासून इंजेक्टरचे तोंड प्रत्यक्ष उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद वाया जातो, आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की हा विलंब आणखी वाढतो. म्हणून थोड्या अवधीत अधिक पेट्रोल सोडणारे, म्हणजेच मोठे इंजेक्टर अपरिहार्य ठरतात.

मग चारही इंजेक्टर अगडबंब का बसवू नयेत? कारण मोठ्या तोंडाच्या जुन्या धाटणीच्या इंजेक्टरला थोडेसे पेट्रोल नेमके मोजून देणे साधत नाही. इंजिन मंद चालत असताना ते अडखळते आणि प्लग काळे पडतात. म्हणूनच मंद चालीचा कारभार लहान प्रायमरींकडे आणि दाब चढल्यावरचा सेकंडरींकडे, ही माझ्दाची मूळ विभागणी उत्तम कारागीर मोडीत नाहीत. ८५० चे जोड प्रायमरीच्या जागी आणून सेकंडरीच्या जागी १६०० चे नवे जोड घालणे ही बरीच वर्षे रूढ असलेली तजवीज आहे. एकूण क्षमता ४९०० होते आणि ४०० अश्वशक्तीला निम्म्याहून थोडी अधिकच खर्ची पडते. आधुनिक इंजेक्टर मोठे असूनही अल्प मात्रेत विश्वासू असतात, त्यामुळे आता प्रायमरीही बिनधोक वाढविता येतात.

बसविण्याचे काम दिसावयास लहान, पण त्यात कसूर चालत नाही. प्रत्येक इंजेक्टरभोवती रबराची बारीक कडी असते. वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहून ती कडक होते. जुनीच कडी पुन्हा बसविली, किंवा नवी कडी तेलाचे बोट न फिरवता कोरडीच दाबली, तर ती चिरते, आणि मग तापलेल्या टर्बोच्या सान्निध्यात पेट्रोल पाझरू लागते. म्हणून जाणता कारागीर सर्व कड्या नव्या घेतो, इंजेक्टर हाताने फिरवून तो मोकळा फिरतो याची खात्री करतो, आणि इंजिन चालू न करता नुसता पेट्रोलचा पंप चालवून प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहतो. पंपही मोठा लागतो, आणि त्याला पुरेशी वीज पोहोचविणारी जाड तारही लागते. दाबनियामक तर विसरून चालतच नाही: आत एक बार हवेचा दाब चढला, तर पेट्रोलचा दाबही तेवढाच चढला पाहिजे; नाहीतर इंजेक्टर कितीही मोठा असला, तरी त्यातून निघणारी धार क्षीणच होणार.

एवढे झाल्यावर ईसीयूची पाळी येते. मूळ संगणकाला मूळ इंजेक्टरच ठाऊक असल्याने त्याच्या जागी जपानी पॉवर एफसी, ऑस्ट्रेलियन हालटेक किंवा मोटेक, न्यूझीलंडचा लिंक असा पर्याय येतो. त्याचे काम कोष्टक पाहून आकडा सांगणाऱ्या इमानी कारकुनासारखे असते: अमुक फेऱ्या, अमुक दाब, तर अमुक वेळ इंजेक्टर उघडा. पॉवर एफसीच्या कोष्टकात असे वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० रकाने असतात, आणि त्यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी विचार करून भरावा लागतो. दर रोटरला दोन स्पार्क प्लग असल्याने ठिणगीची कोष्टकेही दोन. लीडिंग प्लग आधी पेटतो, ट्रेलिंग काही अंशांनी मागून, आणि दाबाखाली हे अंतर दहा ते पंधरा अंश राखण्याची प्रथा आहे. नियंत्रक बदलताना तेलाचाही विचार करावा लागतो. सीलांना वंगण मिळावे म्हणून मूळ संगणक एका छोट्या पंपाकरवी इंजिनात मोजके तेल सोडीत असतो; नवा नियंत्रक हा पंप चालवीत नसेल, तर मालकाने दर वेळी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळण्याची शिस्त अंगी बाणविली पाहिजे.

ट्यूनिंगचा क्रमही ठरलेला असावा. ट्यूनर एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवितो, कमी दाबापासून आरंभ करतो, प्रत्येक रकान्यातील प्रमाण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, ठेवतो आणि नोंदी वाचल्यावाचून दाब वाढवीत नाही. प्रायमरीच्या मदतीला सेकंडरी धावून येतात तो सांधा ट्यूनर विशेष लक्ष देऊन तपासतो, कारण तेथे क्षणभर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होण्याचा संभव असतो. अशा ट्यूनरची मोटार पहिल्या दिवशी सर्वांत वेगवान नसेल, पण अनेक पावसाळे पाहून झाल्यावरही तिचे इंजिन शाबूत असते.

म्हणून ज्याला या इंजिनापासून अधिक शक्ती हवी आहे, त्याने आपला पहिला पैसा टर्बोवर घालू नये. आधी पंप, नियामक आणि इंजेक्टर. मग नियंत्रक आणि निष्णात ट्यूनरची मजुरी. आणि सर्वांत शेवटी दाब, असा क्रम असावा. कारण दाब वाढविणे हे एका नळीचे व एका झडपेचे काम आहे, ते कोणालाही अर्ध्या तासात करता येते. त्या दाबाला पुरे पडेल एवढे पेट्रोल योग्य क्षणी पोहोचविण्यासाठी मात्र गणित, सचोटी आणि धीर लागतो. यामामोटो यांच्या पथकाने एका सीलपायी वर्षे वेचली. त्यांच्या यंत्रावर प्रेम करणाऱ्यांनी त्या सीलच्या रक्षणासाठी काही आठवडे खर्ची घालावेत, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.