मोहरी तडतडली की जिरं

"तू राहू दे, भाजून घेशील." अंध मुलीच्या किंवा उतारवयात नजर गेलेल्या आजीच्या कानावर घरात हे वाक्य वारंवार पडतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण या मायेपायी चहासुद्धा मागून घ्यावा लागतो. आजीच्या बाबतीत तर दैव चेष्टाच करतं. लाकडाच्या चुलीचा धूर आणि मोतीबिंदू यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसून आला आहे. वर्ध्यात १९३४ साली उभ्या राहिलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने बिनधुराच्या 'मगन चुली'चा प्रसार केला, तोही बायकांना या धुरातून सोडवण्यासाठीच. म्हणजे जिने आयुष्यभर चुलीपुढे डोळे चोळले, तिची नजर अधू झाली की आधी चूलच काढून घेतली जाते.

आता वऱ्हाडी स्वयंपाकाकडे नीट लक्ष दिलं, तर त्यात डोळ्यांना फारसं कामच नाही. ज्वारीचं पीठ किती मळलं गेलं हे तळहाताला कळतं, भाकरीची कड पातळ झाली की जाड राहिली हे बोटांना. तव्यावर भाकरी खालून धरली की उलथण्याने सहज सरकते. सरकेपर्यंत हात लावायचा नाही. तेल तापलं का, हे मोहरी सांगते. ती तडतडायला लागली की जिरं, तडतड थांबत आली की कांदा. कांद्यातलं पाणी आटतं तसा चरचराट खाली येतो आणि उग्र वास गोडसर होतो. पाटोडीचं बेसन शिजत आलं की पळी जड जाते. घरातली डोळस सुगरणही हेच करते. तिला ते जाणवत नाही, इतकंच.

कुकर तर जणू या कामासाठीच घडवला आहे. आधी बारीक फुसफुस, मग शिट्टी. फुसफुस बराच वेळ ऐकूच आली नाही, तर रबर नीट बसलं नाही किंवा आत पाणी घालायचं राहिलं, एवढं निदान कानानेच होतं. तांदळावर बोट टेकवून पहिल्या पेराइतकं पाणी, हे माप पूर्वीपासून चालत आलेलं. दूध उतू जाण्याची धास्ती असेल तर दुपदरी भांड्याचा, शिट्टी देणारा दुधाचा कुकर मिळतो.

गॅसच्या शेगडीत एक सोय आहे, ती डोळसांच्या सहसा ध्यानातही येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांचं बटण दाबून फिरवलं की आधी मोठी आच येते आणि शेवटपर्यंत नेलं की बारीक. मंद आच हवी तर बटण अडेपर्यंत फिरवायचं. खाली वाकून ज्योत पाहायची गरज नाही. शेगडी आपोआप पेटणारी असेल तर आणखी बरं. बंद शेगडीवर भांडं जाळीच्या मधोमध आहे का ते हाताने चाचपायचं, दांडा नेहमीच्या एकाच बाजूला वळवायचा, मग पेटवायचं. उतरवताना आधी गॅस बंद. पदर किंवा ओढणी खोचलेली, कापड सुती. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र रसायन मिसळतात. इथे नाक डोळ्यांपेक्षा भरवशाचं. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते.

चिरण्याबाबत मतभेद आहेत. पाश्चात्त्य प्रशिक्षणात सुरी आणि बोटं आत दुमडून धरण्याची पद्धत शिकवतात. मराठी घरात विळी असते, आणि तिची बाजू अगदीच लंगडी नाही. पातं एका जागी स्थिर, पाट पायाखाली, भाजी दोन्ही हातांत. हलते ती वस्तू हातात असते आणि धार कुठे आहे ते ठाऊक असतं. धोका आहे तो उघड्या टाकलेल्या विळीचा. उठायच्या आधी ती मिटायची, यात सवलत नाही.

खरी अडचण घरातल्या डोळस माणसांची. मिसळणाच्या डब्यात मधे मोहरी, तिच्या वरच्या अंगाला हळद, उजवीकडे तिखट असं एकदा ठरलं की कुणी तरी भरताना वाट्या बदलून ठेवतं. तिखटाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेला दोन, किंवा ब्रेलची चिठ्ठी, हे उपाय साधे आहेत. ते पाळायचे मात्र सगळ्यांनी. पाकिटावरची तारीख वाचायला आता फोन आहे. डेन्मार्कमधून २०१५ साली सुरू झालेल्या 'बी माय आइज'वर कुणी स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून सांगतो. कपाच्या कडेला अडकवायचं छोटं यंत्रही मिळतं. चहा वर आला की ते वाजतं. ते नसलं तर भरणाऱ्या कपाचा आवाज चढत जातो, तो ऐकायचा.

२०१२ मध्ये अमेरिकेतली 'मास्टरशेफ' स्पर्धा 'क्रिस्टीन हा' नावाच्या दृष्टिहीन बाईंनी जिंकली. त्यांचं नाव या विषयात नेहमी निघतं आणि त्याने थोडं नुकसानही होतं. वरण-भात करायला कुणी स्पर्धा जिंकावी लागत नाही. त्यापेक्षा जवळचं उदाहरण सेवाग्रामचं. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये स्वयंपाकघर हाही वर्गच होता. मुलं धान्य मोजायची, निवडायची, शिजवायची आणि त्यातूनच हिशेब शिकायची. अंध मुलाला हातांनी शिकवायचं तर वेगळी पद्धत शोधायला लांब जायला नको.

इंडक्शन घ्यायचं असेल तर दुकानात आधी बोट फिरवून पाहावं. दाबली जाणारी बटणं हवीत. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच सापडत नाही. ज्योत नसली तरी गरम भांड्याखालची काच चटका देते, हेही सांगून ठेवावं.

शिकण्याचा क्रमही ठरवून घेतलेला बरा. आधी गार पाणी ओतणं, मग कुकर, मग फोडणी, मग भाकरी. वांगं भाजणं त्यानंतर: साल करपल्याचा वास येतो, चिमट्यात वांगं लिबलिबीत लागतं. तळण अगदी शेवटी, कढईत तेल कमी आणि चिमटा लांब. काही जण तळणाच्या वाटेला कधीच जात नाहीत, आणि त्यांच्या घरी भरीत-भाकरीवर कुणाचं अडत नाही.