शब्दांच्या आधीची भाषा

बाळ बोलू लागण्यापूर्वीच संवाद साधू लागते. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास ते आईच्या मुखाकडे पाहून हसते. सातव्या-आठव्या महिन्यात ‘बा-बा’, ‘दा-दा’ असे आवाज घोळवते. वर्षाच्या आसपास चंद्राकडे बोट दाखवून ते आपल्याकडे वळून पाहते. ‘मला दिसले ते तुलाही दिसले ना?’ हा त्या दृष्टीतील प्रश्न होय. ‘हो, चांदोमामा!’ एवढे उत्तर त्याला पुरते. त्यातूनच शब्द रुजतात. मोबाइलमध्ये गुंतलेल्या पालकांच्या हातून नेमका हाच क्षण निसटतो.

वर्ष उलटूनही बाळ हाकेला वळत नसेल, हातवारे करत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने श्रवणचाचणी करून घ्यावी. दोष जितका लवकर कळेल, तितका भाषेचा मार्ग सुकर होतो.