विश्लेषण : कुत्र्याला चावायला शिकवायचे की सोडायला?

घरच्या जर्मन शेफर्डला ‘पकड’ शिकवले की चोराची भीती नाही, असे अनेक मालकांना वाटते. पण या प्रशिक्षणाचे माहेरघर असलेल्या जर्मनीत खरा कस लागतो तो ‘सोड’ या आज्ञेवर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शेफर्डची पारख करण्यासाठी तिथे ‘शुट्झहुंड’ चाचणी सुरू झाली. आज ती ‘आयजीपी’ म्हणून ओळखली जाते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण यांना प्रत्येकी १०० गुण. हौशी मालक क्लबात जाऊन आपल्याच कुत्र्यासह सराव करतात. त्याआधी कुत्रा रहदारीत, सायकलस्वारांत, अनोळखी माणसांत शांत राहतो का, हे तपासले जाते. इथे नापास झालेल्याला पुढची दारे बंद.

संरक्षणाच्या भागात हाताला जाड बाही बांधलेला मदतनीस आडोशामागे उभा असतो. तो स्थिर असेल तर कुत्र्याने फक्त भुंकायचे. तो पळाला किंवा अंगावर चालून आला तरच बाही पकडायची, थांबला की सोडायची. पहिल्या आज्ञेनंतर आणखी दोनदा सांगूनही पकड सुटली नाही, तर कुत्रा थेट बाद!

बहुतेक कुत्र्यांसाठी हा बाही जिंकण्याचा खेळच असतो. हाताला पोते गुंडाळून, कुत्र्याला डिवचून केलेल्या घरगुती प्रयोगात मात्र भीती आणि राग शिकवला जातो. सोडणे राहूनच जाते. मग पुढचा हात कुरिअरवाल्याचाही असू शकतो. पाळीव प्राण्याबाबत असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.